थोरल्याची वाक्यं

देवाने आवाज वाटायला घेतले त्या दिवशी देहांचं गाठोडं बहुधा दुसऱ्याच कुणाच्या हाती होतं. नाहीतर अशा बुटक्या, पडलेल्या खांद्यांच्या, मान सदा एका अंगाला कललेल्या माणसाच्या वाट्याला तो आवाज आलाच नसता. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचं काम त्याचं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" एवढं तो म्हणाला की रडकी पोरंसुद्धा क्षणभर गप्प व्हायची. कुणी तक्रार घेऊन खिडकीशी आलंच, तर आत डोकावून त्यालाच विचारायचं, "साहेब कुठे गेलेत?" तोही म्हणायचा, "येतील इतक्यात." भांडण टळायचं.

घरी मात्र हा आवाज जवळजवळ बिनकामाचा. घर दोन खोल्यांचं, माणसंही दोनच: तो आणि ताई. आई-वडील एकाच हिवाळ्यात गेले. आधी वडील, आणि त्यांचा कोट कुणाला द्यायचा हे ठरायच्या आत आई. तो तेव्हा बोट धरून शाळेत जायच्या वयाचा; ताई नुकती शाळा संपवून पुढे काय शिकावं याचा विचार करत होती. तो विचार तिथेच राहिला. नातेवाईक आले, हळहळले, चांगली भांडी कोणती ते बघून गेले. मग ताई शर्टांच्या कारखान्यातून गठ्ठे घरी आणू लागली. काजं करायची, बटणं लावायची, गठ्ठा परत न्यायचा. भारी शर्टांची काजं हातानेच करतात, आणि शर्ट फाटेल पण या बाईचं काज उसवायचं नाही, असं कारखान्यात म्हणत.

दोघांचा एकमेकांवर जीव होता. पण जीव असणं वेगळं आणि तसं बोलून दाखवणं वेगळं. या घरात बोलणं म्हणजे "जेवलास?" आणि "हो". "येतो" आणि "ये". लहानपणी हा रडायला लागला की ताई त्याला गप्प करायची, कारण तो रडला की तिलाही भरून यायचं, आणि दोघंही रडत बसली तर काजं कोण करणार? तेव्हा लागलेली गप्प बसायची सवय चाळिशी उलटली तरी सुटली नाही. अलीकडे ताईला जवळचं दिसेनासं झालं होतं. काज तिच्या हाताला पाठ होतं, पण सुईत दोरा काही केल्या जाईना. तिने ते सांगितलं नाही, यानेही विचारलं नाही. फक्त रोज सकाळी कामावर जायच्या आधी तो दिवसभर पुरतील इतक्या सुया ओवून तिच्या छोट्या उशीत रांगेने टोचून ठेवू लागला. पहिल्या दिवशी त्या बघून ताई म्हणाली, "बरं झालं." त्या घराच्या मानाने हे भाषणच झालं.

तर अशा या माणसाला एक दिवस बाईंनी ऐकलं. बाई म्हणजे परक्या भाषेतल्या मालिकांना मराठी आवाज देणाऱ्या स्टुडिओतल्या दिग्दर्शिका. त्यांची गाडी चुकली, पुढच्या गाडीची वाट बघत बाकावर बसल्या, आणि तीन घोषणा ऐकून तरातरा खिडकीशी आल्या.

"साहेब कुठे आहेत?"

"येतील इतक्यात."

"अहो, आवाज तुमचाच आहे. मला काय बनवता?" बाई म्हणाल्या. "उद्या दुपारी या. एक थोरला भाऊ हवा आहे."

त्या मालिकेत तळ्याकाठच्या एका घरात तीन पोरकी भावंडं राहत. थोरला पाव भाजायचा, मधली झुरायची आणि धाकटा उधळायचा. दर महिन्याला तिघांपैकी कुणाचं तरी कुणावर तरी प्रेम बसायचं आणि भावंडांच्या मायेपायी मोडायचं. इतकी प्रेमं मोडली की दुसऱ्या कुणाचं घर असतं तर लोकांनी स्थळ सांगायचं सोडून दिलं असतं. पण घरोघरच्या बायका ती मालिका डोळे पुसत बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायच्या. स्टुडिओत कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. ज्याला आवाज द्याल तेच तुमचं नाव. तो थोरला झाला. घरी ताई अजून त्याला बाळ्या म्हणायची, तेव्हा बढतीच म्हणायची.

आता या कामाची एक तऱ्हा आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पडद्यावर तीन भावंडं एका टेबलाशी बसून बोलताना दिसतात, पण त्यांचे मराठी आवाज देणारे एकत्र कधीच येत नाहीत. एकेकाला वेगळं बोलावतात. कापसाने आणि कापडाने मढवलेली खोली, समोर माइक आणि पडदा, काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारा माणूस. या माणसाला सगळे कानसेन म्हणत. एक श्वास जास्त झाला तरी त्याला कळायचा. मधलीला आवाज देणारी सकाळी यायची, कारण दुपारपासून तिला दुसरीकडे नोकरी होती. थोरला दुपारी यायचा, स्थानकावरची पाळी संपवून. म्हणजे आधी तिची वाक्यं मुद्रित व्हायची आणि मग, तीच कानात ऐकत, हा त्यांना उत्तरं द्यायचा.

त्याने तिला कधी पाहिलं नाही. पण तिचं वाक्य हेडफोनमध्ये यायचं तेव्हा ते थेट कानाच्या आत, कुणी मानेशी येऊन बोलावं तितक्या जवळ यायचं. आयुष्यात त्याच्याशी इतक्या जवळून कुणी बोललं नव्हतं. शिवाय कानसेनचं आवाज साफ करायचं काम संध्याकाळी चालायचं, त्यामुळे दुपारी याला सगळं कच्चंच ऐकू यायचं. वाक्याआधीचा तिचा श्वास. पान उलटल्याची सळसळ. "अगं बाई, चुकलं, परत घेऊ?" आणि मग स्वतःवरच हसणं. पाण्याचा घोट. लोकांना ऐकायला मिळायची ती मधली. याला तिच्या मागची बाईही मिळायची, आणि त्याचा जीव जडला तो या पुसून टाकायच्या आवाजांवर.

एकदा तिचा घसा बसला होता. दोन वाक्यांमध्ये ती खाकरायची आणि पुटपुटायची, "काय मेला घसा." दुसऱ्या दिवशी याने जाताना माइकखालच्या फळीवर खडीसाखरेची पुडी ठेवली. त्याच्या पुढच्या दुपारी हेडफोनमध्ये पुडीचा कागद चुरचुरला आणि ती म्हणाली, "अय्या, खडीसाखर! कुणाला सुचलं हो हे?" मग काहीतरी कडकन् फुटलं आणि तोंडात घोळवत ती आपलं वाक्य बोलली. त्या दिवशी थोरल्याचं उत्तर इतकं गोड आलं की बाईंनी काचेपलीकडून हात वर केला.

"थोरल्या, तू तिच्यावर रागावलायस. ती तुला न सांगता त्या नावाड्याला भेटून आलीय."

"हो बाई."

"मग रागाव की."

त्याने रागावून बघितलं. चार वेळा बघितलं. शेवटी कानसेननेच आवाज जरा जाड करून वेळ मारून नेली. खडीसाखरेची पुडी मात्र तेव्हापासून फळीवर कायम असायची. संपत आली की नवी यायची.

थोरल्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. काहीही झालं, भांडण मिटलं, कुणी परत आलं, कुणी जायला निघालं, की तो मधलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "तू आहेस म्हणून हे घर आहे." आणि ती म्हणायची, "ठाऊक आहे." बास, एवढंच. पण हे "ठाऊक आहे" ती असं म्हणायची की याला दर वेळी वाटायचं, हिला खरंच ठाऊक आहे. आपल्याला उद्देशूनच म्हणतेय. माणूस एकटा असला की मनातले मांडे असे पोटभर खातो, आणि वर ढेकरही देतो.

संध्याकाळी मालिका लागायची तेव्हा ताई काजाचं काम घेऊन टीव्हीसमोर बसायची. हा मात्र सज्जात जाऊन उभा राहायचा. आपलाच आवाज असा चारचौघांसारखा घरात बोलताना ऐकून त्याला कानकोंडं व्हायचं. मालिका संपली की आत यायचा, आणि ताई मान वर न करता म्हणायची, "आज बरं बोललास." बस्स.

एका संध्याकाळी मात्र ती आणखी बोलली.

"बाळ्या, तुझं त्या मधलीवर मन बसलंय."

"काहीतरीच काय ताई! ती माझी बहीण आहे."

"बहीण मी आहे," ताई म्हणाली. "मला कळतं. धाकट्याशी बोलतोस तेव्हा तू कामावरचा असतोस. तिच्याशी बोलतोस तेव्हा तू लहानपणी झोपेत बोलायचास तसा बोलतोस."

याचे कान लाल. ताईने दोरा दाताने तोडला आणि दुसरी सुई घेतली.

"तुला तो मशीनवाला आठवतो?"

आठवत होता. घरचं शिवणयंत्र दुरुस्त करायला यायचा. हातात तेलाचं छोटं डबडं, खिशात याच्यासाठी दोऱ्याची रिकामी रिळं. ती रिळं एकामागे एक बांधून याने आगगाडी केली होती. मग एकदा तो यायचाच बंद झाला. याने विचारलं होतं, तो का येत नाही, आणि ताई म्हणाली होती, "मशीन आता बिघडत नाही."

"बिघडायचं," ताई म्हणाली. "पण त्याने विचारलं होतं मला. मी म्हटलं, थांबा, बाळ्या जरा मोठा होऊ दे. थांबला बिचारा. खूप थांबला. आणि मी थांबा म्हणण्याखेरीज दुसरं काही बोललेच नाही रे. जीव होता माझा त्याच्यावर, ते त्याला सांगितलंच नाही. त्याला कसं कळणार? बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनं विकलं जात नाही. तू नको माझ्यासारखं करूस. सांग तिला."

इतकी सलग वाक्यं ताईच्या तोंडून त्याने जन्मात ऐकली नव्हती. आणि आपण मोठे होत होतो तेव्हा कुणाच्या वाट्यातलं वय खाऊन मोठे होत होतो, हेही त्याला तेव्हाच, इतक्या उशिरा कळलं. त्याला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. तो उठला, आणि चहाचे कप धुऊन आला.

सांगायचं कुठे आणि कधी, हा प्रश्नच होता. सकाळी तो कामावर, दुपारी ती. अशात कानसेनने बातमी दिली: मालिका संपतेय. पण शेवटच्या प्रसंगात मधली लग्न करून दूरच्या गावी निघते, आणि दारात भाऊ-बहीण एकमेकांचं बोलणं तोडत, एकमेकांवर बोलत रडतात. ते वेगवेगळं घेऊन जमायचं नाही. बाईंनी दोघांना एकाच वेळी बोलावलं होतं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ताईच्या मात्र अंगात वारं शिरलं. तिने कपाटातून जपून ठेवलेलं आकाशी कापड काढलं आणि त्याला शर्ट शिवला. काजं हाताने केली, एकेका काजाला एकेक दुपार घालवली. आणि रोज संध्याकाळी त्याची तालीम.

"काय म्हणशील?"

"म्हणेन, नमस्कार."

"नमस्कार कसला? निवडणुकीला उभा आहेस का? सरळ म्हण, इतकी वर्षं मी तुम्हालाच उत्तरं देत आलो. आता एकदा मी विचारतो, तुम्ही उत्तर द्या."

हे वाक्य ताईनेच जुळवलं. त्याला ते इतकं आवडलं की स्थानकावर घोषणा करतानाही ते जिभेवर यायचं. एकदा तर "आता एकदा मी विचारतो" इथपर्यंत कर्ण्यावर गेलंच, आणि प्रवासी माना वर करून पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिले.

तो दिवस आला. आकाशी शर्ट घालून तो स्टुडिओच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. दिग्दर्शिका बाई अजून यायच्या होत्या. जिन्यात पावलं वाजली आणि पिकू लागलेल्या केसांची, गळ्यात चष्म्याची दोरी घातलेली एक बाई धापा टाकत वर आली. काखेत पिशवी, हातात पाण्याची बाटली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून तिने श्वास घेतला. तो श्वास त्याने ओळखला. डोळे मिटून ओळखला असता.

"तुम्ही थोरले का?" तिने विचारलं.

"हो."

"अय्या! इतकी वर्षं भाऊ-बहीण आणि आज ओळख." ती हसली. चुकल्यावर हसायची तेच हसू. वाक्य तयार होतं, ताईने घोटून घेतलेलं. पण ती पुढे काहीतरी बोलायच्या बेतात दिसली, आणि हा सवयीने थांबला. आधी तिचं, मग आपलं. इतकी वर्षं काम तसंच तर चाललं होतं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही पुरुषाने ती वेळ साधली असती.

"खरं सांगू? रागावू नका," ती म्हणाली. "तुमचा आवाज मी कधी ऐकलाच नाही. माझं सकाळी होतं ना, तेव्हा तुमचं झालेलंच नसतं. माझ्या कानात तो मूळ नट असतो. आणि संध्याकाळी मालिका लागते तेव्हा मी कामावर."

"हो, तसंच असणार," तो म्हणाला.

"आज शेवटचा दिवस, म्हणून सांगते हं. हसाल तुम्ही." तिने बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. "त्या नटाची भाषा मला ओ की ठो कळत नाही. पण काय बोलतो हो तो! घरी कुणी नाही माझ्या. आई होती, ती गेली. सकाळी इथे येऊन कान झाकले की तो बोलायचा. 'तू आहेस म्हणून' म्हणतो ना, ते त्याच्या भाषेत अगदी तीन शब्दांत आहे. दिवसभर माझ्या कानात राहायचे ते तीन शब्द. मी त्याला 'ठाऊक आहे' म्हणायचे ते अगदी मनापासून. या वयात! त्या बाबाला माहीतही नाही मी कोण. आता उद्यापासून काय करू, कळत नाही."

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं, किंवा समजूत घातली असती. याला तर तिचा शब्दन् शब्द कळला. आपण जे तिच्यासाठी करत बसलो, तेच ती आणखी कुणासाठी करत बसली होती. तिला काय वाटत असेल ते त्या इमारतीत याच्याइतकं कुणालाच कळलं नसतं, आणि म्हणूनच याला ते वाक्य बोलता येईना.

"हसणार नाही," तो म्हणाला.

"चांगले आहात तुम्ही. आणि ते कानसेन. माझा घसा बसतो म्हणून रोज खडीसाखर ठेवतात, पण कबूल करत नाहीत."

"हो. चांगला माणूस आहे," थोरला म्हणाला.

बाई आल्या. दोघं आत जाऊन शेजारी-शेजारी उभी राहिली, दोन माइक, दोन हेडफोन, मध्ये हातभर अंतर. कानसेनने काचेपलीकडून विचारलं, "मधले, तुझ्या कानात थोरल्याचा आवाज सोडू ना? आता आहेच तो शेजारी."

तिने याच्याकडे बघितलं, मग काचेकडे. "नको," ती हळूच म्हणाली. "आजच्या दिवस मूळ नटाचाच राहू द्या. सवय आहे मला. चालेल ना हो तुम्हाला?"

कानसेन काचेपलीकडून याच्याकडे बघत राहिला. फळीवरच्या पुडीचा मालक कोण, ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. याने मान हलवली. "चालेल."

पडद्यावर दार उघडलं. मधली पेटी घेऊन उंबऱ्यात उभी होती. हातभर अंतरावरून थोरला तिच्याशी बोलला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या प्रत्यक्ष कानांच्या इतक्या जवळ, आणि ते कान झाकलेले होते. ती डोळे मिटून दुसऱ्याचं ऐकत होती. "तू आहेस म्हणून हे घर आहे," तो म्हणाला. आवाज फाटला, ते लिहिलेलं नव्हतं. तिच्या गालावरून पाणी ओघळलं. "ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत इतकं खरं कधी म्हणाली नव्हती.

"सुरेख!" बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा घ्यायलाच नको."

बाहेर आल्यावर ती डोळे पुसत म्हणाली, "माफ करा हं, तुमच्याकडे लक्षच गेलं नाही माझं." आणि जिना उतरू लागली.

"अहो!" याने हाक मारली. बसस्थानकावरचा आवाज, सगळा जिना घुमला. ती वळली.

"काय?"

"बाटली. बाटली राहिली तुमची."

घरी ताई दोन कप मांडून बसली होती. त्याचा चेहरा बघून तिने एक कप मागे सारला, मग पुन्हा पुढे केला. याने थोडक्यात सांगितलं. अगदी थोडक्यात, वाईट गोष्टींना शब्द कमीच लागतात. ताईने त्याला बावळट म्हटलं नाही, तिला नावं ठेवली नाहीत. "शर्ट काढून ठेव," एवढंच म्हणाली, "चुरगळेल."

शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी तो सज्जात गेला नाही. सज्जात जायचं ते लाजेने, आणि आता लाजायला काही उरलं नव्हतं. तो ताईच्या थोडा मागे, भिंतीला टेकून बसला. पडद्यावर दार उघडलं. मधली पेटी घेऊन उभी राहिली. त्याचाच फाटलेला आवाज घरभर झाला: "तू आहेस म्हणून हे घर आहे."

ताईची सुई थांबली.

पडद्यावरच्या मधलीच्याही आधी, अगदी पुटपुटत, ताई म्हणाली, "ठाऊक आहे रे."

त्याला आधी वाटलं, भास झाला. पण तिचे ओठ त्याने पाहिले होते. आणि ते इतक्या सहज हलले की ही आजची गोष्ट नाही, हे उघड होतं. रोज तो सज्जात उभा असताना आत हे चालत होतं.

"ताई, कुणाला म्हणालीस?"

ती दचकली. तो मागे बसलाय हे ती विसरली होती. तिने टीव्हीचा आवाज कमी केला, काजाकडे बघत राहिली.

"तुला," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला म्हणणार?"

"पण ते तर मी..."

"तिला म्हणायचास. माहीत आहे. मीच तर ओळखलं ना." तिने सुई कापडात खोचली. "पण शब्द तर बहिणीला म्हणायचेच होते की रे. आणि आवाज तुझा. घरात तू बोलतोस कुठे? मीही नाही बोलत, तुला कशाला बोल लावू. संध्याकाळी तिथे म्हणायचास, तेवढं मी माझ्यापुरतं घेऊन ठेवायची. तिला देऊन उरलेलं. तिला काय कमी पडणार होतं त्याने?"

तिकडे ती झाकल्या कानांनी उभी होती, तिच्यासाठी हा झुरत राहिला. आणि जी कान देऊन बसली होती, तिच्याकडे पाठ करून हा रोज सज्जात उभा राहिला. ज्या बाईने त्याच्यासाठी आपलं माणूस सोडलं, तिला तो दुसरीसाठी बोललेली वाक्यं उष्टी करून खाऊ घालत होता, आणि तिने ती चवीने खाल्ली. पडद्यावर नावं वर सरकत गेली. त्यांत त्याचं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ताई काम घेऊन आपल्या जागी बसली. टीव्ही तिने लावला नाही. याने आपण होऊन पाट ओढला आणि तिच्यासमोर बसला. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं दार ओढून घेतलं.

"बोल की काहीतरी," ताई म्हणाली. कधी नव्हे ते मागितलं तिने.

त्याने तोंड उघडलं. सगळं बसस्थानक गप्प करणारा आवाज होता, वाक्यही पाठ होतं. पण ते वाक्य दुसरीला देऊन झालेलं. ते हिला कसं द्यायचं? आणि स्वतःचं, नवं, हिच्यापुरतं असं एक वाक्य शोधायला तो आत गेला, तर आत कुणी काही लिहूनच ठेवलेलं नव्हतं. त्याने तिची सुयांची उशी जवळ ओढली आणि सुया ओवायला घेतल्या. एक झाली, दुसरी झाली. रिकामी सुई उरली नाही तेव्हा त्याने ओवलेल्या सुईतला दोरा काढून पुन्हा ओवला. तिला सुया नको होत्या. ते दोघांनाही कळत होतं.

ताईने वाट पाहिली. मग कापडावरची नजर न काढता, कारखान्यात गठ्ठ्याचा हिशेब सांगावा तशा साध्या आवाजात तीच म्हणाली, "तू आहेस म्हणून हे घर आहे."

उत्तर फक्त दोन शब्दांचं होतं. इतकी वर्षं त्याने दर दुपारी ते ऐकलं होतं, कसं म्हणायचं, श्वास कुठे घ्यायचा, सगळं त्याला माहीत होतं. त्याने मान खाली घातली. दोरा सुईशी नेला. डोळ्यांत पाणी साचल्यामुळे त्यालाही आता भोक दिसेना.

"राहू दे," ताई म्हणाली. "उद्या ओव."